पिस्तुलाचें 'बोअर' आणि माणसाचा जीव

मराठी वृत्तपत्रांच्या स्थानिक बातम्यांत एक वाक्य वर्षानुवर्षें ठराविक सांच्यांत छापून येत असतें. अमुक रस्त्यावर, अमुक पुलाखालीं, संशयावरून एका इसमाची झडती घेतली असतां त्याच्याजवळ एक पिस्तुल आणि दोन जिवंत काडतुसें मिळालीं. कधीं त्या पिस्तुलापुढें '७.६५ मि. मी.' असा आंकडा असतो, कधीं '.३२ बोअर' असा असतो, तर कधीं 'गांवठी कट्टा' एवढ्यावरच वर्णन आटोपतें. काडतूस 'जिवंत' कां, असा प्रश्न कोणास पडत नाहीं. ज्या वस्तूचें सारें प्रयोजन मारण्यांत आहे तिलाच जिवंत म्हणावें, हा भाषेचा एक विनोदच समजावयाचा! आंकड्याकडे तर वाचक सहसा पाहतच नाहीं. आणि पाहिलेंच तर मोठा आंकडा म्हणजे मोठें संकट, एवढाच अर्थ तो मनाशीं लावून पुढच्या बातमीकडे वळतो.

श्रोतेहो, हा अर्थ सर्वस्वीं चुकीचा नाहीं, पण तो पुरा बरोबरही नाहीं. आणि ज्या गोष्टीवर माणसाचें जगणें-मरणें अवलंबून आहे, ज्या गोष्टीवरून सरकार परवाने देतें अथवा नाकारतें, आणि जिच्या भरंवशावर कांहीं सुशिक्षित कुटुंबें आपल्या घरांत शस्त्र आणून ठेवतात, ती गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम नांवांचा घोळ. पिस्तुलाच्या नळीच्या आंतील पोकळीचा व्यास म्हणजे त्याचें बोअर अथवा कॅलिबर. नळीच्या आंतून पिळाच्या खांचा पाडलेल्या असतात, त्यामुळें गोळी भोंवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. आतां व्यास मोजावयाचा तो खांचांच्या तळापासून कीं मधल्या उंचवट्यांपासून, येथूनच मतभेद सुरू होतो. त्यांत इंग्रजी व अमेरिकन कारखाने इंचांत मोजणार, युरोपांतील कारखाने मिलिमीटरांत. जॉन ब्राऊनिंग या अमेरिकन संशोधकानें बेल्जममधील कारखान्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जें छोटें काडतूस सिद्ध केलें, त्याला युरोपांत ७.६५ म्हणतात आणि अमेरिकेंत .३२, वस्तू एकच. म्हणजे वर सांगितलेल्या बातम्यांतील दोन आंकडे पुष्कळदां दोन भाषांतील एकच शब्द असतो. उलट '.३८' या नांवाच्या गोळीचा खरा व्यास .३५७ इंच आहे. फार पूर्वीं गोळीची रुंदी काडतुसाच्या नळकांड्याइतकीच असे, तेव्हां हें नांव पडलें. पुढें गोळी नळकांड्याच्या आंत बसूं लागली, ती बारीक झाली, पण नांव राहिलें. पेढीचा मूळ पुरुष जाऊन शंभर वर्षें लोटलीं तरी पाटीवर त्याचेंच नांव असावें, तशांतला हा प्रकार. आणि १९३५ सालीं अमेरिकेंत याच रुंदीची गोळी, सुमारें तीन मिलिमीटर अधिक लांब नळकांड्यांत व पुष्कळच जास्त दाबाची दारू भरून विकावयास आली, तेव्हां तिचें नांव मात्र खरें ठेवलें: .३५७ मॅग्नम. दोहोंच्या रुंदींत केंसाचाही फरक नाहीं. जोरांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यावरून दिसून येईल कीं नुसत्या रुंदीवरून गोळीची पारख करणें म्हणजे पागोट्याच्या घेरावरून माणसाची विद्वत्ता ठरविण्यासारखें आहे. गोळीचें वजन आणि तिचा वेग हीं दोन मापें हाताशीं घेतल्यावांचून गणित सुटत नाहीं. .४५ ची गोळी सुमारें पंधरा ग्रॅम वजनाची, जड आणि मंद; सेकंदास २५५ मीटरांच्या आसपास तिची गति. ९ मि. मी. पॅराबेलम ही गोळी तिच्या निम्म्या वजनाची, परंतु ३६० मीटरांच्या वेगानें जाणारी. दोघींच्या अंगीं असलेली शक्ति मोजली तर ती जवळजवळ सारखीच, म्हणजे ४८० ज्यूलांच्या घरांत भरते. .३२ ची शक्ति पावणेदोनशेंच्या आंतबाहेर, आणि मुलांना नेमबाजी शिकवितांना वापरतात त्या .२२ ची सव्वाशेंच्याही खालीं. पावणेदोनशें ज्यूल म्हणजे किती, तर पांच किलोचें वजन एका मजल्याच्या उंचीवरून खालीं पडावें इतकी. आणि ज्या ७.६२ मि. मी. रायफलीनें भारतीय सैन्यानें अनेक वर्षें काम केलें, तिच्या गोळीची शक्ति तेहतीसशें ज्यूलांच्या आसपास होती. सर्व पिस्तुलें आपसांत कितीही भांडोत, रायफलीपुढें तीं सारींच लेंकरें आहेत!

येथें बोलपटांनीं पसरविलेला एक भ्रम दूर केला पाहिजे. गोळी लागतांच माणूस पांच फूट मागें उडून भिंतीवर आदळतो, असें पडद्यावर नेहमीं दिसतें. न्यूटनचा नियम ज्यांनीं शाळेंत शिकला असेल त्यांना ही गोष्ट अशक्य आहे हें सहज पटेल. गोळी जेवढा धक्का लक्ष्याला देईल तेवढाच धक्का पिस्तुल धरणाऱ्याच्या हाताला बसावयास हवा. तो तर उडून जात नाहीं. .४५ ची जड गोळी पासष्ट किलो वजनाच्या माणसाच्या शरीरांत पूर्णपणें थांबली तरी त्याला मिळणारा वेग सेकंदास सहा सेंटिमीटर इतकाही भरत नाहीं. एखाद्या माणसानें गर्दींत हलकेंच कोपर लावावें, त्याहून हा धक्का जोराचा नाहीं. गोळी माणसाला ढकलून पाडीत नाहीं. ती जेथून जाते तेथील रक्तवाहिन्या, इंद्रियें, मज्जा फाडीत जाते, आणि परिणाम होतो तो त्या फाटण्याचा.

असें असतांही मोठ्या गोळीविषयींची श्रद्धा एवढी रुजली कशी, याची कथा फिलिपाईन्स बेटांत सुरू होते. अमेरिकन सैन्यानें १८९२ सालीं .३८ चें रिव्हॉल्व्हर स्वीकारलें होतें. १८९९ नंतर त्या बेटांवर लढतांना सैनिकांकडून तक्रारी येऊं लागल्या कीं मोरो योद्धे अंगावर चालून आले म्हणजे या गोळ्या खाऊनही थांबत नाहींत. तेव्हां १९०४ सालीं कर्नल थॉम्पसन आणि सैन्याचे शल्यवैद्य मेजर लगार्ड या दोघांची समिति नेमण्यांत आली. शिकागो येथील कत्तलखान्यांत जिवंत गुरांवर, आणि त्याशिवाय मृतदेहांवर, निरनिराळ्या व्यासांच्या गोळ्या झाडून त्यांनीं निरीक्षणें केलीं. हा प्रयोग आजच्या मनाला किळसवाणा वाटेल, आणि शास्त्राच्या दृष्टीनेंही तो फारसा काटेकोर नव्हता. एकाच जातीच्या गोळीनें एक बैल चटकन् पडला आणि दुसरा बराच वेळ उभा राहिला, असे विसंगत अनुभव त्यांत आले. तरीही समितीनें निर्णय दिला तो ठाम: .४५ पेक्षां लहान गोळी सैन्याच्या उपयोगाची नाहीं. त्या निर्णयावरून १९११ सालीं ब्राऊनिंगचें .४५ पिस्तुल सैन्यांत आलें आणि तें १९८५ पर्यंत टिकलें. समितीच्या अहवालांतील दुसरी एक शिफारस मात्र लोक विसरले. शरीराच्या बहुतेक भागांवर लागलेली पिस्तुलाची गोळी, ती कोणत्याही व्यासाची असो, धावून येणाऱ्याला तत्काळ थांबवीलच असा भरंवसा देतां येत नाहीं. म्हणून सैनिकांकडून अचूक नेमाचा सराव अखंड करून घ्यावा, असें समितीनें बजावलें होतें. जाड गोळी विकत घेतां येते, सराव विकत मिळत नाहीं. त्यामुळें पहिली शिफारस अमर झाली आणि दुसरी कागदांत राहिली.

इंग्रजांचा प्रवास तर नेमका उलट दिशेनें झाला. पहिल्या महायुद्धांत त्यांच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला .४५५ चें अवजड वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. युद्धानंतर त्यांच्या ध्यानांत आलें कीं या शस्त्राचा झटका घाईघाईनें तयार केलेल्या सैनिकाला आवरत नाहीं व नेम चुकतो. म्हणून १९३२ सालीं त्यांनीं .३८ चें हलकें एन्फील्ड रिव्हॉल्व्हर पत्करलें. एकाच प्रश्नाला दोन बलाढ्य राष्ट्रांनीं परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं, आणि दोघांनींही ज्याच्या त्याच्या उत्तरावर युद्धें लढून दाखविलीं.

पुढें १९८६ सालच्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील मायामी शहरांत केंद्रीय गुप्तपोलिसांचे आठ जण आणि दोन दरोडेखोर यांची भर रस्त्यांत चकमक झाली. दोन अधिकारी ठार व पांच जखमी झाले. एका दरोडेखोराच्या दंडांतून छातींत शिरलेली ९ मि. मी. ची गोळी हृदयापर्यंत न पोहोंचतां अलीकडेच थांबली होती, आणि तो त्यानंतरही रायफल झाडीत राहिला. दोष गोळीवर आला. खात्यानें प्रथम १० मि. मी. चें काडतूस घेतलें. त्याचा झटका अनेकांना सोसेना, म्हणून.४० चें आलें. आणि सुमारें पंचवीस वर्षांनीं, गोळ्यांच्या घडणींत सुधारणा झाल्यावर, २०१५ च्या सुमारास खातें पुन्हां ९ मि. मी. वर येऊन ठेपलें.

हें झालें सैनिकांचें आणि पोलिसांचें. गुन्हेगाराचा हिशेब निराळा असतो. त्याला शस्त्र प्रथम लपवावयाचें असतें. लहान काडतूस म्हणजे लहान पिस्तुल, आणि लहान पिस्तुल म्हणजे कोटाच्या खिशांत मावणारें पिस्तुल. शतकारंभींच्या ब्राऊनिंग पिस्तुलानें जगाच्या राजकारणांत जी उलथापालथ केली ती याच गुणामुळें. १९०९ सालीं सावरकरांनीं लंडनहून वीस ब्राऊनिंग पिस्तुलें चतुर्भुज अमीन याच्या सामानांतून हिंदुस्थानांत पाठविलीं. १८७८ चा शस्त्रांचा कायदा आणि बंदरावरची जकात यांच्या डोळ्यांत धूळ टाकून तीं उतरलीं. आणि त्याच वर्षीं डिसेंबरच्या २१ तारखेला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत 'शारदा' नाटकाच्या प्रसंगीं अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. रायफली असत्या तर त्या वीस कशा आणल्या असत्या?

याच संदर्भांत एक विलक्षण योगायोग सांगण्यासारखा आहे. ९ मि. मी. च्या गोळीचे दोन प्रकार आहेत. एक सैन्याचा, १९ मि. मी. लांबीच्या नळकांड्याचा, दुसरा आंखूड, १७ मि. मी. चा, अमेरिकेंत ज्याला .३८० म्हणतात. आंखुडाची शक्ति पहिल्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. हौशी नेमबाज त्याला तुच्छतेनें दुबळें काडतूस म्हणतात. १९१४ च्या जूनमध्यें सारायेव्हो शहरांत आर्चड्यूक फर्डिनंड आणि त्याची पत्नी यांना ज्या दोन गोळ्या लागल्या त्या या दुबळ्या काडतुसाच्या होत्या, आणि १९४८ च्या जानेवारींत दिल्लीस प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींच्या देहांत शिरलेल्या तीन गोळ्याही, बेरेटा पिस्तुलांतून सुटलेल्या, त्याच काडतुसाच्या होत्या.

तेव्हां लहान बोअर म्हणजे निरुपद्रवी असें कोणीं समजूं नये. पण एवढ्यावरून व्यासाला कांहींच महत्त्व नाहीं असा निष्कर्ष काढणें हेंही तितकेंच घाईचें होईल. नशिबाचा भाग एकेका घटनेंत फार मोठा असतो. १९१२ सालीं मिलवॉकी येथें थिओडोर रूझवेल्टवर .३८ ची गोळी झाडण्यांत आली; ती त्याच्या खिशांतील चष्म्याच्या डबीला आणि घडी घातलेल्या पन्नास पानी भाषणाला भोंसकून मग छातींत शिरली, आणि तो तशा स्थितींत दीड तास बोलला. लांबलचक लिखित भाषणाचा असा प्रत्यक्ष लाभ दुसऱ्या कोणा वक्त्याला झाल्याचें ऐकिवांत नाहीं! उलट १९०१ सालीं अध्यक्ष मॅकिन्ले याला .३२ च्या गोळ्या लागल्या. तो प्रथम बरा होईल असें वाटलें, पण जखम आंतून सडून आठ दिवसांनीं त्याचा अंत झाला. १९८१ सालीं अध्यक्ष रेगन यांना .२२ ची गोळी फुप्फुसांत लागली. रुग्णालय कांहीं मिनिटांच्या अंतरावर होतें म्हणून ते वांचले. त्याच रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली दुसरी गोळी त्यांचे वृत्तपत्रचिटणीस जेम्स ब्रॅडी यांच्या मस्तकांत शिरली. ते जगले, पण अपंगावस्थेंत; आणि तेहतीस वर्षांनीं, २०१४ सालीं, ते वारले तेव्हां वैद्यकीय परीक्षकांनीं त्या मृत्यूची नोंद मनुष्यवध म्हणून केली. एकच शस्त्र, एकच बोअर, एकच क्षण, आणि दोन माणसांच्या वांट्याला दोन निरनिराळीं आयुष्यें!

अशा सुट्या गोष्टींनीं वादाचा निकाल लागत नाहीं. त्यासाठीं बऱ्याच घटना एकत्र मोजाव्या लागतात. हें काम अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक या दोन संशोधकांनीं बॉस्टन शहरापुरतें केलें व तें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. २०१० ते २०१४ या पांच वर्षांत त्या शहरांत गोळी लागलेल्या माणसांच्या पोलिसी कागदपत्रांतून ज्यांत बोअर निश्चित ठरलें अशीं ३६७ प्रकरणें त्यांनीं अभ्यासिलीं. .२२, .२५ आणि .३२ हीं लहान; .३८, .३८० आणि ९ मि. मी. हीं मध्यम; .३५७ मॅग्नम, .४०, .४५ वगैरे मोठीं, अशी विभागणी केली. लहान बोअरच्या तुलनेंत मध्यम बोअरच्या गोळीनें मृत्यु येण्याचा संभव सव्वादोन पटींनीं अधिक आणि मोठ्या बोअरच्या गोळीनें साडेचार पटींनीं अधिक, असें त्यांस आढळून आलें.

या संशोधनाचें मर्म त्या पटींत नसून त्यापुढच्या प्रश्नांत आहे. कोणी म्हणेल, ज्याला खरोखर ठार मारावयाचें असतें तोच मोठें पिस्तुल घेऊन येतो. मग मृत्यु अधिक होतात ते हेतूमुळें, बोअरमुळें नव्हे. संशोधकांनीं हा आक्षेप तपासून पाहिला. मोठ्या बोअरवाले अधिक गोळ्या मारतात काय? मस्तकावर वा छातीवर अधिक नेम धरतात काय? भांडणाचें कारण, स्थळ, मारणाऱ्याची व बळीची पार्श्वभूमि यांत फरक आहे काय? यांपैकीं कशांतही बोअरप्रमाणें बदलणारा असा फरक दिसला नाहीं. म्हणजे हल्लेखोर सारखेच होते, राग सारखाच होता, नेमही सारखाच बरावाईट होता. हातीं जें पिस्तुल आलें त्यानें निकाल ठरविला. मध्यम आणि मोठ्या पिस्तुलांच्या जागीं सर्वत्र लहान बोअरचीं पिस्तुलें असतीं, तर त्या शहरांतील गोळीबारानें झालेले खून ३९.५ टक्क्यांनीं कमी झाले असते, असा त्यांचा हिशेब आहे. ज्याला खून करावयाचा आहे तो कशानेंही करील, हें आपल्याकडेही वारंवार ऐकूं येणारें वचन या आंकड्यापुढें फारसें टिकत नाहीं. अर्थात् बॉस्टन म्हणजे मुंबई नव्हे; तेथें सत्तूर आणि सुरा यांच्यापेक्षां पिस्तुल सहज हाताशीं येतें. परंतु माणसाचें शरीर दोन्हीकडे सारखेंच आहे.

आतां आपल्या देशाच्या कायद्याकडे पाहूं. परवान्याच्या भाषेंत 'प्रतिबंधित बोअर' आणि 'अप्रतिबंधित बोअर' असे दोन वर्ग आहेत. अप्रतिबंधिताचा परवाना जिल्हादंडाधिकारी अथवा शहरांत पोलिस आयुक्त देऊं शकतात. प्रतिबंधिताचा निर्णय केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हातीं. सामान्य समजूत अशी कीं जें अधिक घातक तें प्रतिबंधित. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीं १९६२ सालीं जे नियम झाले त्यांचें परिशिष्ट वाचलें म्हणजे निराळाच विचार दिसतो. ज्या पिस्तुलांत अथवा रिव्हॉल्व्हरमध्यें .३८० अथवा .४५५ चें कंगोरेदार काडतूस किंवा सैन्याचें ९ मि. मी. चें काडतूस बसूं शकतें, तें प्रतिबंधित. म्हणजे वर ज्या इंग्रजी वेब्ली आणि एन्फील्ड रिव्हॉल्व्हरांचा उल्लेख आला, त्यांचीं काडतुसें ज्यांत जातील तीं हीं शस्त्रें. सरकारी कोठारांतील दारूगोळा खाजगी हातांत जाऊन उपयोगी पडूं नये, हा त्यामागील मुख्य हेतु; मृत्यूची प्रतवारी लावणें हा नव्हे. .३५७ मॅग्नम हें .३८० पेक्षां कितीतरी जोरकस असूनही त्या परिशिष्टांत त्याचें नांव नाहीं, याचा उलगडा यानें होतो. पण हेतु कोणताही असो, परिणाम असा झाला कीं भारतांतील बहुसंख्य परवानाधारकांच्या हातीं .३२ आलें. कानपूरच्या सरकारी कारखान्यांत .३२ चीं रिव्हॉल्व्हरें तयार होतात. २०१४ च्या जानेवारींत स्त्रियांसाठीं म्हणून जें 'निर्भीक' नांवाचें, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचें रिव्हॉल्व्हर बाजारांत आलें, तेंही.३२ चेंच. बॉस्टनच्या विभागणींत हें लहान बोअर ठरतें. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालापासून चालूं आहे; काडतुसाच्या बुडाशीं 'के. एफ.' हीं अक्षरें असतात तीं त्या खडकीचीं.

कायद्याला बगल देणारी बाजू म्हणजे गांवठी कट्टा. सैन्याचें .३०३ निषिद्ध, म्हणून शिकारी रायफलीसाठीं .३१५ चें बोअर आपल्याकडे रूढ झालें; आणि कट्टा बनविणारा लोहार पुष्कळदां त्या .३१५ च्याच मापाची नळी बसवितो, कारण तीं काडतुसें परवानाधारकांकडून गळतीनें मिळूं शकतात. रायफलीचें काडतूस वीतभर नळींतून सुटलें म्हणजे आवाज व ज्वाळा भरपूर, नेम यथातथाच, आणि नळी फुटून धरणाऱ्याचाच पंजा जाण्याची धास्ती. बिहारमधील मुंगेर येथें मात्र ७.६५ चीं पिस्तुलें बरीच सफाईनें, परदेशी छाप मारून, चोरून घडविलीं जातात. एकंदरींत काय, गुन्हेगार बोअरची निवड शास्त्र वाचून करीत नाहीं; ज्याचें काडतूस मिळतें त्याचें शस्त्र तो बाळगतो.

राहतां राहिला प्रश्न गृहस्थाचा. रात्रीं चोर आला तर कोणतें बोअर उपयोगी, ही चर्चा बैठकींत रंगते खरी. पण घरांतील शस्त्र प्रत्यक्षांत कोणावर चालतें याची मोजदाद अमेरिकेंत झालेली आहे. १९९३ सालच्या एका पाहणींत, ज्या घरांत बंदूक वा पिस्तुल आहे तेथें घरांतल्या घरांत खून होण्याचा संभव २.७ पट आढळला, आणि मारणारा बहुधा घरचाच किंवा ओळखीचा. २०२० सालीं कॅलिफोर्नियांतील लक्षावधि लोकांचा पाठपुरावा करून जें संशोधन प्रसिद्ध झालें त्यांत, स्वतःचें पिस्तुल असलेल्या पुरुषांत गोळीनें आत्मघात होण्याचें प्रमाण पिस्तुल नसलेल्या पुरुषांच्या सुमारें आठ पट आणि स्त्रियांत पस्तीस पट निघालें. याच्या उलट बाजूला, स्वसंरक्षणासाठीं शस्त्र किती वेळां उपयोगी पडतें या आंकड्याविषयीं तेथील विद्वानांत वर्षाला लाखाच्या आंतबाहेर ते पंचवीस लाख एवढें अंतर आहे. ज्या आंकड्यांत पंचवीस पटींचा फरक पडतो त्यावर कोणीं आपल्या कुटुंबाची सुरक्षितता बेतावी, हें समंजसपणाचें वाटत नाहीं.

मुंबईला यासाठीं अमेरिकेचे दाखले लागूं नयेत. १९५९ च्या एप्रिलमध्यें नौदलाचे अधिकारी नानावटी यांनीं जहाजाच्या कोठारांतून खोट्या निमित्तानें .३८ चें रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसें मिळविलीं आणि त्यांतील तीन गोळ्यांनीं पत्नीच्या प्रियकराचा अंत झाला. झटापटींत गोळ्या आपोआप सुटल्या, असा बचाव मांडण्यांत आला. परंतु रिव्हॉल्व्हरची यंत्ररचनाच अशी कीं प्रत्येक गोळीला चाप स्वतंत्रपणें ओढावा लागतो. तो बचाव उच्च न्यायालयांत टिकला नाहीं आणि १९६१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंही जन्मठेप कायम केली. एका शिस्तबद्ध, सुविद्य अधिकाऱ्याच्या हातीं एका दुपारीं शस्त्र आलें, एवढेंच त्या प्रकरणांत घडलें.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानें दिला आहे. पूर्वीं तो भारतीय दंडसंहितेंत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करतां येत नाहीं, ही त्याची मर्यादा दोन्हींत सारखीच आहे, आणि पळणाऱ्या चोराच्या पाठींत मारलेली गोळी .२२ ची होती कीं .४५ ची, यानें न्यायालयापुढें कांहीं फरक पडत नाहीं. १९५९ च्या कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन एका व्यक्तीला तीनऐवजीं दोनच शस्त्रें बाळगण्याची मुभा राहिली. आणि २०१६ च्या नियमांनीं परवाना मागणाऱ्यास शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणें हाताळण्याचें, वाहून नेण्याचें आणि घरांत कुलुपांत ठेवण्याचें शिक्षण घेणें बंधनकारक केलें आहे. दुकानांत बोअर निवडण्याची वेळ त्यानंतर येते.